रास्पबेरी पाय हँग होतोय? फॅन मागवायच्या आधी या चुका टाळा

रास्पबेरी पाय म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर. हा पाय स्लो झाला किंवा मधेच हँग झाला की बहुतेक जण लगेच फॅन मागवतात, आणि तिथेच पैसे वाया जातात. आधी टर्मिनलमधे (जिथे कमांड टाइप करतात ती विंडो) 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' (vcgencmd get_throttled) ही कमांड मारा. ०एक्स० आलं तर सगळं ठीक. ०एक्स५०००० आलं म्हणजे बूट (चालू) झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज ४.६३ व्होल्टच्या आसपास किंवा खाली घसरलं आणि बोर्डाने स्वतःच स्पीड कमी केला, अशा वेळी कितीही भारी फॅन लावा, काडीचा फरक पडणार नाही. ०एक्स८०००० दिसलं तर मात्र खरंच गरम झालाय.

पॉवरमधे सगळ्यात जास्त लोक फसतात. "माझा चार्जर ६५ वॅटचा आहे की" असं म्हणतात, पण ते ६५ वॅट २० व्होल्टला असतात हो, ५ व्होल्टला तोच चार्जर बहुतेक वेळा ३ अँपिअरच देतो आणि पाय ५ या मॉडेलला हवेत ५ अँपिअर. ते मिळाले नाहीत की तो यूएसबीचा एकूण करंट ६०० मिलीअँपिअरवर आणतो, मग यूएसबीला लावलेली एसएसडी (डेटा साठवायची ड्राइव्ह) मधेच गायब होते आणि आपण शिव्या देतो एसएसडीला! चार्जरवर बारीक अक्षरात ५ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. केबल लांब, बारीक असेल तर तीही बदला.

आता खरंच तापत असेल तर. पाय ४ हा ८० डिग्रीला स्पीड कमी करायला लागतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीच ४० ला असते, त्यात बोर्ड बंद प्लास्टिक केसमधे आणि केस टीव्हीच्या मागे कोंबलेली, मग काय होणार. झाकण काढा, बोर्ड उभा ठेवा, हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) लावताना त्याखालच्या चिकट थर्मल पॅडची दोन्ही बाजूंची फिल्म सोलली का ते बघा, ती बऱ्याचदा तशीच राहते. पाय ५ च्या अ‍ॅक्टिव्ह कूलरचा (फॅन लावलेल्या हीटसिंकचा) फॅन ५० डिग्रीच्या खाली बंदच असतो, तो बिघडलाय समजून परत पाठवू नका.

आणि प्लीज, प्लग खेचून बंद करू नका, 'सुडो पॉवरऑफ' (sudo poweroff) ही कमांड द्या. एसडी कार्डवर लिहिणं चालू असताना लाईट गेली की फाइल सिस्टीम करप्ट होऊ शकते. जिथे लाईट वारंवार जाते तिथे छोटा यूपीएस लावाच, लॉग-टू-रॅम (लॉग म्हणजे नोंदींच्या फाइल रॅममधे ठेवणारं सॉफ्टवेअर) टाका म्हणजे कार्डवर सतत लिहिलं जाणार नाही, आणि चोवीस तास चालणारं काम असेल तर सरळ एसएसडीवरून बूट करा.