शिडाच्या बोटीवरून पुन्हा नोकरीत रुजू होताना

वर्षा-दोन वर्षांच्या सफरीवरून कामावर परतणाऱ्यांशी मी आधी झोपेबद्दल बोलते, मग पैशांबद्दल आणि नोकरीबद्दल. दोघांनीच बोट चालवायची म्हटलं की रात्र पाळ्यांत वाटून घ्यावी लागते. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंतचं अटलांटिक साधारण २,७०० सागरी मैलांचं, म्हणजे तीनेक आठवडे सलग झोप अशी नाहीच. शरीराला त्याची सवय लागते आणि किनाऱ्यावर आल्यावरही ते रात्री दोन वाजता वारा बघायला उठतं. म्हणून शेवटचं बंदर आणि कामाचा पहिला दिवस यांत दोन-तीन आठवडे मोकळे ठेवा. उठायची वेळ एकदा ठरवा. रात्र कशीही गेली तरी त्याच वेळी उठा आणि लगेच बाहेर उजेडात जा. शरीराचं घड्याळ मुख्यतः उजेडानं जुळतं.

पहिले काही दिवस जमीन डुलल्यासारखी वाटेल. बहुतेकांचं हे एक-दोन दिवसांत थांबतं. महिना उलटूनही डुलणं थांबलं नाही आणि गाडीतून जाताना तेवढ्यापुरतं बरं वाटत असेल, तर डॉक्टरांना हे अगदी याच शब्दांत सांगा, आणि सफरीहून आलोय हेही सांगा. याला माल द देबार्कमाँ सिंड्रोम म्हणतात आणि साधी चक्कर समजून ते सहज नजरेतून सुटतं. डॉक्टरांकडच्या त्याच फेरीत त्वचाही तपासून घ्या. पाण्यावरून परावर्तित होणारं ऊन टोपीच्या खालूनही लागतं.

आता नोकरी. रेझ्युमेमधला तो काळ झाकू नका आणि त्याची कादंबरीही करू नका. महिना-वर्ष घालून एक ओळ पुरे: स्वतःच्या बोटीने समुद्रप्रवास, जबाबदारी अमुक. मुलाखतीत 'नेतृत्वगुण', 'धाडस' असले शब्द मी वापरू देत नाही, कारण समोरच्याला त्यातून काहीच दिसत नाही. त्याऐवजी केलेलं काम सांगा. हवामानाच्या फाइली वाचून निघायचा दिवस कसा ठरवला, सौर पॅनेलमधून येणारी वीज फ्रिज, ऑटोपायलट आणि दिवे यांत कशी भागवली, डिझेलच्या नळीत हवा शिरून इंजिन बंद पडलं तेव्हा कोणत्या क्रमाने कारण शोधलं. असा एकच प्रसंग चार वाक्यांत सांगता आला की पुरतं. ऐकणाऱ्याला त्यात तुमची काम करायची पद्धत दिसते.

जमलं तर आठवड्याच्या मधल्या वारी रुजू व्हा, म्हणजे पहिला आठवडा लहान होतो. पहिले दोन महिने जास्तीची कामं अंगावर घेऊ नका. बोटीवर शीड आखडावं, म्हणजे लहान करावं का, असा विचार मनात आला की तेव्हाच आखडायचं असतं. वारा वाढल्यावर तेच काम दुप्पट अवघड होतं. कामाच्या बाबतीतही दम संपायच्या आधी 'हे मला पुढच्या महिन्यात द्या' असं म्हणा.

जोडप्यांना मात्र मी जरा थांबवून सांगते. बारा मीटरच्या बोटीत चोवीस तास एकत्र राहिलेली माणसं अचानक दिवसाचे दहा तास एकमेकांना दिसेनाशी होतात, आणि चिडचिड नेमकी कशाची आहे तेच कळत नाही. आम्ही पाळी सोपवायची रीत तशीच घरात ठेवली. बोटीवर झोपायला जाण्याआधी दुसऱ्याला सांगायचं असतं: दिशा काय, वारा कुठून, कोणतं जहाज दिसतंय, काय अडलंय. आता संध्याकाळी पहिली दहा मिनिटं तेच: आज काय झालं, उद्या काय येतंय, कुठे लक्ष ठेवायचं. फोन बाजूला ठेवून. माझ्या मते परतण्याच्या काळात याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

परतणं म्हणजे समुद्र सोडणं, असं वाटून पुष्कळजण आतून खचतात. १९६९ मध्ये फ्रेंच खलाशी बर्नार्ड मॉइतेसिए एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत होता; केप हॉर्न, म्हणजे दक्षिण अमेरिकेचं टोक, ओलांडूनही तो घरी न वळता पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाला गेला. त्याच शर्यतीत ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ३१२ दिवसांनी इंग्लंडमधल्या फाल्मथ बंदरात परत आला. त्या परतलेल्या माणसाने साठी उलटल्यावर, २००७ मध्ये, पुन्हा एकट्याने जगप्रदक्षिणा पूर्ण केली.

तेव्हा बोट विकायची की ठेवायची, हे निदान सहा महिने ठरवू नका. तोवर ती नीट झाकून ठेवा. इंजिनातलं खारं पाणी गोड्या पाण्याने काढा, शिडं उतरवून वाळवून घडी घाला, फ्रिजचं दार उघडं ठेवा. पाण्यातच राहणार असेल तर तळाचे झडप-नळ, म्हणजे समुद्राचं पाणी जिथून आत येऊ शकतं ते, बंद करा, मात्र डेकवरचं पाणी जिथून बाहेर जातं ते उघडे ठेवा. बॅटऱ्या भरलेल्या ठेवा. कोणता झडप-नळ कोणत्या स्थितीत ठेवलाय ते लॉगबुकात लिहा आणि त्याची एक प्रत इंजिनाच्या झाकणावर चिकटवा.