हिब्रू शब्दाचा धातू कसा शोधावा
बायबलमधील हिब्रू शब्द धातुक्रमाने रचलेल्या कोशात पाहायचा असेल, तर आधी उपसर्ग आणि प्रत्यय बाजूला काढून मूळ व्यंजने ओळखावीत. ती बहुधा तीन असतात. ‘मत्तान’ म्हणजे देणगी. यातील ‘म’ हा नाम घडवणारा उपसर्ग असून पुढे दोनच व्यंजने दिसतात, कारण धातूचा आद्य ‘न’ पुढच्या ‘त’मध्ये मिसळून गेला आहे आणि त्या अक्षराच्या पोटातील ठिपका, म्हणजे दागेश, ही त्याचीच खूण आहे, तेव्हा धातू न-त-न, ‘देणे’. नवख्यांची गाडी बहुधा इथेच अडते. मात्र निव्वळ धातूवरून अर्थ ठरवू नये; शब्द जिथे जिथे आला आहे ती वाक्ये ताडून पाहावीत आणि मगच भगिनीभाषांकडे वळावे. उदाहरणार्थ, प्राचीन मेसोपोटेमियातील अक्कादी या भगिनीभाषेत ‘देणे’साठी ‘नदानु’ आहे.