आडनावाचा रकाना रिकामाच असेल तर अर्ज कसा भरावा

माझ्या जन्मदाखल्यावर नावाचा एकच शब्द आहे. आईबाबांनी आडनाव मुद्दाम लावलं नाही. आडनाव कळलं की समोरचा पुढचा प्रश्न मनातल्या मनात विचारून मोकळा होतो, असं बाबांचं म्हणणं. त्यांचं तत्त्व मला पटतं, पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या खिडक्यांपुढे ते घेऊन उभी राहिले ती मी.

सुरुवात घरी करा. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, पासबुक चटईवर मांडा आणि प्रत्येकावर नाव कसं छापलंय ते वहीत जसंच्या तसं उतरवा, इंग्रजी स्पेलिंगसकट. एकच नाव असलेल्या माणसाची कागदावर बहुधा तीन-चार नावं निघतात. शाळेत गुरुजींनी हजेरीपटात वडिलांचं नाव जोडलेलं असतं. बँकेत कुणी गाव विचारून पुढे ‘कर’ लावलेलं असतं. आपल्याकडे हा मोह फार, गुहागरची म्हटलं की झाली गुहागरकर! माझ्या पासबुकावर मी पाच वर्षं अशीच एक परकी बाई होते.

यादी झाली की ठरवा: एकच शब्द ठेवायचा, की वडिलांचं, आईचं किंवा आणखी कुठलं नाव कायमचं जोडायचं? हा निर्णय तुमचा असावा, काउंटरवरच्या माणसाच्या घाईचा नव्हे. जोडायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. अर्ज शासकीय मुद्रणालयाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन करता येतो. राजपत्राची ती प्रत पुढे सगळीकडे लागते. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा आधी राजपत्र आणि मग आधार. उलटं केलंत तर एक संधी फुकट जाते.

एकच शब्द ठेवणार असाल तर पुढचं नीट वाचा.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला तालुक्याच्या एका सेवा केंद्रात गेले होते. भर जुलै, बाहेर धो धो पाऊस, वीज जाऊन-येऊन. केंद्रवाला म्हणाला, “ताई, आडनाव टाकल्याबिगर पुढं जातच नाय. टिंब देऊ का?” मी हो म्हटलं. दोन टिंबं दिली, एक मधल्या नावाला, एक आडनावाला. अर्ज गेला. पुढे बँक खात्यावरच्या नावाशी ती टिंबं जुळेनात आणि पैसे वर्षभर लटकले. म्हणून टिंब, डॅश, ‘लागू नाही’ असलं काही टाकू देऊ नका. रकाना सक्तीचा असेल तर त्याच अर्जाच्या सूचना उघडा. एकच नाव असेल तर काय करायचं ते बऱ्याचदा तिथे लिहिलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही.

गोंधळ होतो तो प्रत्येक अर्जाची तऱ्हा वेगळी असल्यामुळे. पासपोर्टच्या अर्जात ‘गिव्हन नेम’ सक्तीचं आणि ‘सरनेम’ मोकळं सोडता येतं, म्हणून तुमचा शब्द गिव्हन नेममध्ये जातो. पॅनच्या अर्जात बरोबर उलटं. तिथे ‘लास्ट नेम’ सक्तीचं, पहिलं आणि मधलं नाव रिकामं चालतं, म्हणून तोच शब्द आडनावाच्या रकान्यात लिहायचा. अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० अर्जातही एकुलतं नाव सरनेममध्ये लिहितात आणि गिव्हन नेममध्ये ‘एफएनयू’, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. आपलं एकुलतं एक नाव आडनाव व्हायचं आणि पहिलं नाव अज्ञात! मला पहिल्यांदा हसूच आलं. वहीत प्रत्येक अर्जापुढे शब्द कुठल्या रकान्यात गेला ते लिहून ठेवा. दुरुस्तीच्या वेळी आठवणीवर विसंबून चालत नाही.

आखातात जाणाऱ्यांनी जास्त सांभाळायचं, आणि आपल्या किनाऱ्यावर तशी घरं कमी नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या प्रवाशांना पर्यटन आणि भेट व्हिसावर घ्यायचं बंद केलं. थोड्याच दिवसांत खुलासा आला, की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल. हे दुसरं पान म्हणजे आपल्या पासपोर्टचं शेवटचं पान, आईवडिलांची नावं तिथे छापत आले आहेत. तेव्हा पासपोर्ट काढतानाच ते रकाने भरून घ्या. तिकिटाचं म्हणाल तर काही विमान कंपन्या तोच शब्द दोनदा लिहायला सांगतात, काहींचा रिवाज निराळा. एजंटला अंदाजाने भरू देऊ नका, कंपनीला विचारा.

जमिनीच्या कागदांचं दुखणं वेगळं. माझ्या आजोळच्या जुन्या फेरफारात माणसं ‘गोविंद बिन राघो’ आणि ‘सीता कोम गोविंद’ अशी लिहिली आहेत, म्हणजे राघोचा मुलगा गोविंद आणि गोविंदाची बायको सीता. आडनाव कुणालाच नाही, तरी त्या काळी कुणाचं अडलं नव्हतं. वारस नोंदीच्या वेळी मात्र तलाठी ऑफिसात विचारतात, ही सीता म्हणजे तुमचीच आजी कशावरून? तिथे ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं. सोबत मृत्यूचा दाखला, जुनं रेशनकार्ड, जे सापडेल ते जोडा.

अर्ज कुठलाही असो, ‘सबमिट’ दाबण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या आणि नाव स्वतः वाचा. मागे रांग कुरकुरते, कुरकुरू दे. पोचपावतीवर नाव चुकलेलं दिसलं तर त्याच दिवशी, त्याच खिडकीवर सांगा. माझ्या पोचपावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतात, कारण आमच्याकडे पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीतसुद्धा कागदांना बुरशी धरते.