लिनक्सवर १२७ अंश दिसले तर जेल रोड गाठण्याआधी

मे महिन्यात इंदूरला खोलीच भट्टी झालेली असते. त्यात लिनक्सवर संगणकाच्या भागांचं तापमान दाखवणाऱ्या ‘सेन्सर्स’ कमांडने एका ओळीत १२७ अंश दाखवले की माणूस संगणकाचा नवा पंखा आणायला जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराकडे निघतो. जरा थांबा. बहुतेक वेळा मदरबोर्डवरच्या चिपच्या त्या पिनेला काही जोडलेलंच नसतं, आणि चिप आपली वाट्टेल तो आकडा फेकते. उणे १२८ दिसलं तरी तेच.

१. ओळ कोणत्या चिपखाली आहे ते बघा. ‘कोअरटेम्प’ (इंटेल) किंवा ‘के१०टेम्प’ (एएमडी) असेल तर आकडा प्रोसेसरचा स्वतःचा, तो गांभीर्याने घ्या. ‘एनसीटी’ नावाच्या चिपखालची ‘ऑक्सटिन’ ओळ मात्र हमखास संशयित.

२. ‘वॉच सेन्सर्स’ (आकडे सतत ताजे होत राहतात) चालू ठेवून एखादा मोठा व्हिडिओ रूपांतराला लावा, म्हणजे प्रोसेसर तापेल. बाकीचे आकडे चढताहेत आणि हा ढिम्म? मग तो खोटाच.

३. ‘सेन्सर्स -यू’ने त्या ओळीचं मूळ नाव काढा, समजा ‘टेम्प५’. ‘/ईटीसी/सेन्सर्स.डी’मध्ये नवी फाइल करून पहिल्या ओळीत ‘चिप’ आणि अवतरणात चिपचं नाव, दुसरीत ‘इग्नोर टेम्प५’ लिहा; ती ओळ दिसेनाशी होईल. (कमांड, फाइलींची नावं अर्थातच रोमन लिपीत.)

एएमडीच्या रायझन १८००एक्स प्रोसेसरवाल्यांनी ‘के१०टेम्प’खालची ‘टीडाय’ ओळ बघावी, खरं तापमान तेच. शेजारची ‘टीसीटीएल’ ओळ ते मुद्दामच २० अंश चढवून दाखवते.

प्रोसेसरची ओळ मात्र अशी कधीही लपवू नका. तिथे ९५ दिसत असेल तर आधी धूळ साफ करून बघा.