पुठ्ठ्याच्या चष्म्यातून व्हीआर : पहिला अनुभव कसा घ्यावा

आभासी वास्तव, म्हणजेच व्हीआर, याविषयी कितीही वाचले तरी डोळ्यांना लावून पाहिल्याशिवाय ते उमगत नाही. त्यासाठी महागडा हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधायचे व्हीआरचे उपकरण, घेण्याची घाई नको. गूगलने २०१४ साली पुठ्ठ्याची घडी आणि दोन भिंगे एवढ्यावर चालणारा ‘कार्डबोर्ड’ आणला. कंपनीने त्याची विक्री २०२१ मध्ये थांबवली असली, तरी त्याच धर्तीचे चष्मे ऑनलाइन दुकानांत काही शे रुपयांत मिळतात.

या चष्म्यात आपलाच फोन बसवून पाहायचे असते, म्हणून चष्मा मागवण्याआधी फोन तपासावा. यूट्यूबवर ३६० अंशांचा, म्हणजे चहूबाजूंचे दृश्य टिपलेला, एखादा व्हिडिओ लावून, फोन डोळ्यांसमोर धरून जागच्या जागी गोल फिरावे. आपल्याबरोबर दृश्यही फिरले, तर फोनमध्ये गायरोस्कोप, म्हणजे वळण ओळखणारा सेन्सर, आहे असे समजावे. दृश्य हलत नसेल, तर त्या फोनवर पैसे घालवू नयेत.

चष्मा आला की भिंगे मऊ कापडाने पुसावीत. व्हीआर पद्धतीने व्हिडिओ सुरू केला की पडद्यावर शेजारीशेजारी दोन चित्रे दिसतात. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली की मेंदू त्यांतून जवळ-दूरचा आभास उभा करतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्येच आरशांच्या साध्या उपकरणाने दाखवून दिले होते. म्हणून दोन चित्रांमधली रेघ दोन्ही भिंगांच्या बरोबर मध्ये येईल असा फोन बसवावा; तो जरासा सरकला तरी सगळे दुहेरी दिसते आणि डोळे दुखू लागतात.

पहिल्या वेळी कॅमेरा एका जागी स्थिर असलेलाच व्हिडिओ निवडावा, न फिरणाऱ्या खुर्चीत बसून पाहावा आणि पाच मिनिटांत थांबावे. डोळे ‘आपण चाललो आहोत’ म्हणतात आणि आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा ‘नाही’ म्हणते, या विसंगतीमुळे मळमळते. रोलर कोस्टरचा व्हिडिओ नवख्याला कधीही दाखवू नये. मळमळ वाटू लागताच चष्मा काढावा, सवय होईल म्हणून रेटू नये.

माझ्या आईला मी समुद्रकिनारा दाखवला, तेव्हा टीव्हीच्या सवयीने ती बराच वेळ समोरच पाहत राहिली. “आई, मागे बघ ना,” म्हटल्यावर तिने मान वळवली आणि जवळ आलेली होडी पाहून नकळत हात पुढे केला. नवख्या माणसाला मागे, वर, खाली पाहायला आवर्जून सांगावे, कारण व्हीआरचे सारे मर्म त्या मान वळवण्यात आहे.

मात्र फोनला केवळ मानेचे वळण कळते. आपण एक पाऊल पुढे टाकले तर दृश्य पुढे सरकत नाही. शस्त्रक्रियेच्या सरावासाठी किंवा घर बांधण्याआधी त्यातून फिरून पाहण्यासाठी शरीराची आणि हातांची जागा टिपणारा हेडसेट लागतो. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो उपयोग अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातला : भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर उपचार चालू असताना त्यांना आभासी बर्फाच्या प्रदेशात गुंतवले, तेव्हा त्यांना वेदना कमी जाणवल्या.

वापर झाला की फोन काढून घ्यावा आणि चष्मा कपाटात ठेवावा. खिडकीत राहिलेल्या चष्म्याची भिंगे ऊन एका बिंदूवर गोळा करतात, आणि आत फोन असेल तर त्याच्या पडद्यावर कायमचा डाग पडू शकतो.