सतलजच्या दरीत कॅम्पर नेण्याआधी

हिमाचलातल्या किन्नौर-स्पितीला कॅम्परने, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेल्या गाडीने, जायचं ठरलं की आधी महिना पक्का करा. जुलै-ऑगस्ट नकोच, ११ ऑगस्ट २०२१ ला किन्नौरातल्या निगुलसरीजवळ दरड थेट प्रवासी बसवर कोसळली होती. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा मध्य, हे दिवस मला सर्वांत बरे वाटतात. गाडी सोलापुरातून नेण्याचा हट्ट सोडा. कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली गाठा, कॅम्पर तिकडेच भाड्याने घ्या, आणि जमलं तर पहाडातलाच ड्रायव्हर घ्या. आपला हात सपाटीवर बसलेला असतो.

गाडी ताब्यात घेताना टेपने उंची मोजा, छतावरचा कॅरिअर धरून. किन्नौरच्या वाटेवर तरंडा ढांकेकडे (ढांक म्हणजे कडा) रस्ता कडा कोरून काढलाय, खडक डोक्यावर येतो. आकडा स्टिअरिंगजवळ चिकटवून ठेवा. स्टेपनी, जॅक, पाना बाहेर काढून बघा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि उतारावर ते सगळं ब्रेकवर येतं. म्हणून टाकी गरजेपुरतीच भरा आणि खालच्या गिअरमध्ये उतरा. जड सामान खाली. चालत्या गाडीत गॅसचा कॉक बंद. रात्री उबेसाठी शेगडी अजिबात पेटवू नका, बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो. सोलापुरी चादर अंथरायला घ्या, पांघरायला मात्र जाड रजईच हवी.

आता मुक्कामाची जागा. इथे घाई करू नका. नदीकाठचा गोट्यांचा सपाट पट्टा फार मोह घालतो. तिथे गाडी लावायची नाही, म्हणजे नाही. सतलजवर नाथपा-झाकरी, करछम-वांगतू असे वीजप्रकल्प आहेत, तिथून पाणी सोडलं की नदी एकदम चढते. उजनीतून विसर्ग वाढला की पंढरपूरचं वाळवंट पाण्याखाली जातं, हे आपल्याला माहीत आहे. पण भीमेला पसरायला जागा तरी असते. इथे दोन कड्यांत कोंडलेलं पाणी वरच चढतं. ८ जून २०१४ ला बियास नदीत लारजी धरणाचं पाणी अचानक आलं आणि हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. पाऊस नसतानाही असं होतं. धरणाचा भोंगा वाजला की सामान तिथेच टाका आणि वर पळा. कड्याच्या पायथ्याशीही थांबू नका, दगड सुटतात. गावात विचारून, गावाजवळच जागा घ्या. शौचालयाची टाकी नदीत रिकामी करू नका. खालची गावं तेच पाणी वापरतात.

सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास, स्पितीतलं काझा ३,६०० मीटरच्या वर. उंचीची सवय हळूहळू व्हावी म्हणून शिमल्याकडूनच चढा, रामपूर, कल्पा, नाको असे मुक्काम करत. बीपी-दम्याच्या मंडळींनी डॉक्टरांना आधीच विचारावं. डोकं ठणकून उलट्या सुरू झाल्या तर पुढे न जाता खाली उतरायचं.

खाण्याला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. दोन्ही टिकतात, गॅस वाचतो. वर डाळ लवकर शिजत नाही, कुकर लागतोच. रोख पैसे जवळ ठेवा, आणि रेकाँग पिओच्या खाली पोवारीला डिझेल फुल करा. काझापर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नका.