जर्मनीत मास्टर्स करायचंय? मग या चुका टाळा

गणपती झाले की मेसेज सुरू. "दादा, दहा युनिव्हर्सिट्यांची शॉर्टलिस्ट पाठव ना." अरे, तुझी मार्कशीट बघितली नाही, कशाला जायचंय ते माहीत नाही, शॉर्टलिस्ट कुठून देऊ?

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे युनिव्हर्सिट्यांचं क्यूएस रँकिंग उघडायचं, जर्मनीचा फिल्टर लावायचा आणि वरून खाली अर्ज टाकत सुटायचं. माझ्या मावसभावाने हेच केलं. सांगलीहून मेकॅनिकल, सीजीपीए ८.६, आणि गडी डेटा सायन्सच्या मागे. युनि-असिस्टमधून, म्हणजे अर्ज तपासून युनिव्हर्सिट्यांकडे पाठवणाऱ्या संस्थेमार्फत, सहा अर्ज, पहिल्याला ७५ युरो आणि पुढच्या पाचांना ३०-३०, म्हणजे २२५ युरो घातले आणि सहाच्या सहा नकार. मार्क कमी म्हणून नाही हो! एका पत्रात सरळ लिहिलेलं, कॉम्प्युटर सायन्सचे ३० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) पाहिजेत, तुमचे भरतात ८. बीईला कुठल्या विषयाचे किती क्रेडिट झालेत ते आधी मोजतात, तुमचे टक्के त्यानंतर. मावशी आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही, जणू नकार मीच पाठवलेले.

मी स्वतः काय करतो तर कोर्सच्या पानावरच्या प्रवेशाच्या अटी आणि नियमावलीची पीडीएफ, जर्मनमध्ये असली तरी, प्रिंट काढतो आणि शेजारी सिलॅबस ठेवून पेन्सिलने एकेक विषय जुळवत बसतो. एका कोर्सला दीड-दोन तास जातात, कंटाळा येतो, येऊ दे. "तयार एक्सेल आहे का" विचारणाऱ्यांना मी उत्तर देणंच सोडलंय.

"जर्मनीत सगळं फुकट" हे पण अर्धवट. बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिट्यांत फक्त सेमिस्टरचे किरकोळ पैसे लागतात, पण स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग ज्या राज्यात येतात त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये २०१७ पासून आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, आणि टीयू म्युनिकने २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून बहुतेक मास्टर्सना ४,००० किंवा ६,००० लावलेत. आणि फुकट सल्ला देणारा कन्सल्टंट सारखं एकाच खाजगी युनिव्हर्सिटीचं नाव घेत असेल तर कमिशन कोण देतं ते त्यालाच विचारा.

एपीएस, म्हणजे तुमच्या मार्कशीट-डिग्री खऱ्या आहेत हे तपासल्याचं सर्टिफिकेट, नोव्हेंबर २०२२ पासून लागतंच. १८,००० रुपये, आणि हातात यायला आठवडे जातात. आधी ते करा, मग युनिव्हर्सिट्या बघा.

शहराचं भाडं कोणी बघतच नाही. ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे आधीच खात्यात भरून ठेवायचे, ११,९०४ युरो म्हणजे महिन्याला ९९२, म्युनिकमध्ये त्यातला मोठा घास खोलीच घेते. मागडेबुर्ग, केम्निट्झ अशा छोट्या शहरांची नावं ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा तिथली भाडी बघावी. मावसभाऊ आता मागडेबुर्गलाच आहे, मेकॅनिकललाच, आणि परवा मलाच विचारत होता, "दादा, तू एवढं भाडं का भरतोस?"